सोळाव्या वर्षी बंद होणारे दार

दहावीचा निकाल लागला म्हणजे घरोघरी जी धांदल उडते तिच्याशी आमच्या वाचकांचा चांगला परिचय आहे. पेढ्यांचा पुडा रिकामा होण्यापूर्वीच ‘शास्त्र की वाणिज्य’ हा प्रश्न पुढे येतो. शेजारी, मामा आणि कचेरीतले सहकारी सल्ल्यासाठी धावून येतात. आणि चार-आठ दिवसांत सोळा वर्षांच्या मुलाच्या उभ्या आयुष्याचा निर्णय वडीलधारी माणसे करून टाकतात. या धांदलीत एका वर्गाचा विचार मात्र कोणी करीत नाही. आम्ही वर्तमानपत्रवालेही करीत नाही. तो वर्ग म्हणजे अकरावीस व्यवसाय शिक्षणाची शाखा घेणाऱ्या मुलामुलींचा.

या वर्गाची आठवण आम्हांस परवा एका जुन्या विद्यार्थ्याने करून दिली. पत्रव्यवसायात येण्यापूर्वी काही वर्षे आम्ही शाळामास्तर होतो. हा विद्यार्थी १९९६ साली आमच्या वर्गातून दहावी झाला. हात विलक्षण स्थिर, प्रयोगवहीतील आकृत्या छापल्यासारख्या. पण घरी वडिलांची गिरणीतील नोकरी गेलेली आणि पाठीवर दोन भावंडे. ‘सर, काय घेऊ?’ असे त्याने विचारले तेव्हा वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा व्यवसाय अभ्यासक्रम आम्हीच त्यास सुचविला. दोन वर्षांत हाताला काम मिळेल, हा व्यवहार त्यात होता. ‘पण पुढे कधी डॉक्टर होता येईल का?’ असेही त्याने विचारले होते, आणि ‘शिकणाऱ्याला वाटा पुष्कळ असतात’ असे आम्ही मोठ्या विश्वासाने सांगितले होते. ते उत्तर खोटे होते. ते खोटे असल्याचे आम्हांस ठाऊक नव्हते, एवढेच काय ते आमचे समर्थन. परंतु चौकशी न करता उत्तर देणाऱ्या शिक्षकास ते शोभणारे नव्हे.

आज हा गृहस्थ एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत वरिष्ठ तंत्रज्ञ आहे. त्याची कन्या यंदा दहावी झाली. बापाच्या हाताखाली सूक्ष्मदर्शकातून पाहण्याचा छंद तिला लहानपणापासून लागला आहे. तिला तोच व्यवसाय अभ्यासक्रम घ्यायचा आहे, आणि पुढे डॉक्टरही व्हायचे आहे. ‘सर, मला तुम्ही वाटा पुष्कळ असतात म्हणाला होतात. हिला काय सांगू?’ असा प्रश्न त्याने आमच्यापुढे ठेवला. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच तो आम्हांस अधिक लागला. या वेळी चौकशी केल्याखेरीज उत्तर द्यावयाचे नाही, असे आम्ही ठरविले. त्या चौकशीत जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवणे हाच आजच्या लेखाचा हेतू होय.

प्रथम नियम पाहू. एम. बी. बी. एस.च्या प्रवेशासाठी उमेदवाराने बारावीपर्यंत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र अथवा जैवतंत्रज्ञान, आणि इंग्रजी हे विषय पुरे केलेले असावेत, ही अट जुनी आहे व ती योग्यही आहे. परंतु १९९७ च्या वैद्यकीय शिक्षण विनियमांच्या आधारे या अटीचा जो अर्थ कित्येक वर्षे लावला गेला तो फार कडक होता. हे विषय अकरावी व बारावी अशी सलग दोन वर्षे, नियमित विद्यार्थी म्हणून, प्रयोगांसह शिकलेले असले पाहिजेत. बारावी झाल्यानंतर जादा विषय म्हणून घेतलेले जीवशास्त्र चालणार नाही. आणि मुक्त विद्यालयातून वा बाहेरून परीक्षा दिलेल्यास तर दारही नाही. १९९८ साली बारावी झालेल्या आमच्या विद्यार्थ्याची वाट अशी चारही बाजूंनी अडलेली होती. सोळाव्या वर्षी जो अर्ज भरला, तोच त्याचा अखेरचा शब्द ठरला.

ही भिंत गेल्या काही वर्षांत एकेक वीट करून उतरली आहे. मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांस अपात्र ठरविणारी अट दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द केली. ‘नीट’ या प्रवेशपरीक्षेची कमाल वयोमर्यादा राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ च्या मार्च महिन्यात काढून टाकली. पुढे जून २०२३ मध्ये आयोगाने पदवी शिक्षणाचे नवे विनियम केले, आणि त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला काढलेल्या सूचनेने स्पष्ट केले की, बारावी उत्तीर्ण झाल्यानंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून भौतिक, रसायन व जीवशास्त्र हे विषय जादा म्हणून पुरे करणाऱ्या उमेदवारासही ‘नीट’ला बसता येईल. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील लवचीकपणाचे तत्त्व हे या निर्णयाचे एक कारण म्हणून देण्यात आले आहे.

म्हणजे कायद्याच्या भाषेत आमच्या विद्यार्थ्याच्या कन्येस आज ‘होय’ असे उत्तर देता येते. व्यवसाय शाखेतून बारावी झालेली मुलगी मागाहून तीन शास्त्रविषय पुरे करून इतरांच्या रांगेत उभी राहू शकते. १९९६ साली खोटे असलेले आमचे वाक्य कायद्याने आता खरे केले आहे. तथापि कायद्याने दार उघडणे आणि दारापर्यंत रस्ता असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आमची चौकशी येथेच थांबली असती तर आम्ही पुन्हा एकदा अर्धसत्यच सांगितले असते.

आता अभ्यासक्रम पाहू. आपल्या राज्यात पूर्वी ‘एमसीव्हीसी’ आणि आता ‘एचएसव्हीसी’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या शाखेत वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, नेत्रचिकित्सा तंत्रज्ञ, बालक व वृद्धांची परिचर्या असे आरोग्यसेवेशी निगडित अभ्यासक्रम आहेत. विद्यार्थी इंग्रजी शिकतो, दुसरी एक भाषा शिकतो, एक सामान्य पायाभूत विषय शिकतो आणि बाकीचा सारा वेळ व्यवसायाचे पाठ व प्रात्यक्षिके यांत घालवितो. या मुलास रक्ताचा नमुना घेता येतो, काचपट्टी रंगविता येते, मूत्रपरीक्षा करता येते. परंतु भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय त्या नावाने व त्या विस्ताराने त्याच्या गुणपत्रिकेवर कोठेच येत नाहीत. ‘नीट’ या परीक्षेतील १८० प्रश्नांपैकी १८० प्रश्न या तीनच विषयांवर असतात. ज्या रक्ताची तपासणी हा मुलगा सतराव्या वर्षी करू लागतो, त्या रक्ताविषयीच्या परीक्षेस बसण्याची तयारी मात्र त्याची कोणी करून घेत नाही.

ही तयारी त्याने कोठे करावी? बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यास सुटे विषय घेऊन परीक्षा देण्याची सोय राष्ट्रीय मुक्त विद्यालयात आहे. परंतु परीक्षेची सोय म्हणजे शिक्षणाची सोय नव्हे. दिवसभर प्रयोगशाळेत वा दवाखान्यात काम करणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने तीन शास्त्रविषय एकट्याने पुस्तकातून शिकावे, प्रयोग कोठेतरी जमवावे, आणि नंतर लातूर-कोट्याच्या शिकवणीवर्गांत दोन-दोन, तीन-तीन वर्षे घासून आलेल्यांशी स्पर्धा करावी, असे आपले म्हणणे असेल तर ते म्हणणे प्रामाणिकपणे उच्चारण्याचे धैर्य तरी आपल्यापाशी असावे. २०२४ साली या परीक्षेसाठी सुमारे २४ लाख उमेदवारांनी नावे नोंदविली, त्या वेळी देशातील एम. बी. बी. एस.च्या जागा लाखाच्या थोड्याच वर होत्या. अशा गर्दीत ज्याच्या पाठीशी शाळा नाही, त्यास उघड्या दाराचाही उपयोग नाही.

वैद्यकाच्या बाबतीत हे असेच असावयाचे, असे ज्यांस वाटत असेल त्यांनी शेजारच्या अभियांत्रिकीकडे नजर टाकावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दोन वर्षे काढलेला जोडारी तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळवू शकतो. व्यवसाय शाखेच्या तांत्रिक गटातून बारावी झालेल्यासही ती वाट आहे. पदविका मिळाल्यावर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळतो. कानशीस धरणारा हात पायरीपायरीने आराखडा काढणाऱ्या हातापर्यंत पोहोचू शकतो, आणि त्यासाठी त्यास सोळाव्या वर्षाकडे मागे फिरावे लागत नाही. ही शिडी निर्दोष नाही. वरच्या वर्गातील गणित या मुलांस जड जाते, हे तेथील अध्यापक सांगतात. पण त्यावर शिडी काढून घ्यावी असे कोणी सुचवीत नाही. गणिताचे जादा तास घ्यावे असे सुचवितात. परिचर्येच्या क्षेत्रातही पदविका घेतलेल्या परिचारिकेस पुढील पदवी व पदव्युत्तर पदवीपर्यंत जाता येते. मात्र ही शिडी वैद्यकाच्या अंगणापाशी येऊन संपते.

ती नेहमीच तेथे संपत नव्हती, हे आज अनेकांच्या स्मरणात नाही. आमच्या वडिलांच्या पिढीतील वाचकांनी गावोगावच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर ‘एल. सी. पी. एस.’ ही अक्षरे पाहिलेली असतील. मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची स्थापना १९१२ ची. तिच्या पदविकेवर कितीतरी खेडी व तालुके जगले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशातील नोंदणीकृत डॉक्टरांत पदवीधरांहून अशा पदविकाधारकांचीच संख्या अधिक होती. १९४६ साली भोर समितीने शिफारस केली की, यापुढे वैद्य एकाच दर्जाचा असावा आणि पदविकेचा अभ्यासक्रम बंद करावा. समितीतीलच काही सभासदांस हे मान्य नव्हते. परंतु बहुमताची शिफारस कालांतराने अमलात आली. त्याच सुमारास पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय शाळेचे महाविद्यालय झाले.

दर्जा एकच असावा हे भोर समितीचे तत्त्व आम्हांस मान्य आहे. गरिबाला अर्धा डॉक्टर आणि श्रीमंताला पुरा, ही विभागणी कोणत्याही सुधारलेल्या समाजास लाजिरवाणी होय. पण दर्जा एक करताना त्या काळच्या कर्त्या माणसांनी एक गोष्ट विसरू दिली नाही. जे आधीच पदविकाधारक होते त्यांच्यासाठी संक्षिप्त अभ्यासक्रम काढण्यात आला, आणि तो पुरा करून अनेकांनी एम. बी. बी. एस. ही पदवी मिळविली. परीक्षा तीच, पदवी तीच. फक्त तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट, आधी काय शिकले आहे ते ध्यानात घेऊन, निराळी आखलेली. दर्जा आणि वाट यांतील हा फरक त्या पिढीस कळत होता. आम्हांस आज जे म्हणावयाचे आहे त्याचा गाभाही हाच आहे: दर्जा एक असावा, वाट एकच असावी असे नव्हे.

या ठिकाणी एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. ‘तुम्ही मागच्या दाराने डॉक्टर करू पाहता,’ असे आम्हांस म्हटले जाईल. सेतू-अभ्यासक्रम हा शब्द वैद्यकव्यवसायात बदनाम झालेला आहे, आणि ती बदनामी निष्कारण नाही. २०१७ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग विधेयकात अन्य चिकित्सापद्धतींच्या पदवीधरांस सेतू-अभ्यासक्रमानंतर आधुनिक औषधे देण्याची मुभा ठेवण्याचा विचार होता. देशभर विरोध झाला व ती तरतूद २०१८ साली मागे घ्यावी लागली. आपल्या राज्यात २०१४ च्या दुरुस्तीने होमिओपॅथीच्या वैद्यांस औषधशास्त्राच्या अभ्यासक्रमानंतर जी सवलत देण्यात आली तिच्यावरूनही वाद माजला. या वादांत कोणाची बाजू खरी, याचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. परंतु तो सेतू आणि आमचा सेतू यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तो सेतू पदवीला वळसा घालून रोग्याच्या खाटेपाशी नेणारा होता. आम्ही सुचवितो तो सेतू रोग्यापाशी नेत नाही, परीक्षेच्या सभागृहापाशी नेतो. त्यापुढे ‘नीट’ तीच, किमान गुण तेच, आणि एम. बी. बी. एस.ची वर्षेही तितकीच. ज्यास हे मागचे दार वाटते, त्याने पुढचे दार कोणते ते सांगावे.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य आहे, म्हणून अधिक घातक. ‘देशाला तंत्रज्ञ हवे आहेत, सगळेच डॉक्टर झाले तर रक्त कोण तपासणार?’ असा तो असतो. हा प्रश्न आम्ही अनेक सुशिक्षितांच्या तोंडून ऐकला आहे, पण स्वतःच्या मुलाविषयी बोलताना तो एकानेही विचारलेला ऐकला नाही. तंत्रज्ञाचे काम कमी प्रतीचे नाही. २०२१ च्या कायद्याने संलग्न आरोग्यव्यवसायांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाची तरतूद झाली, हे त्या कामाच्या योग्यतेस मिळालेले उशिराचे अभिवादनच होय. बहुसंख्य तंत्रज्ञ तंत्रज्ञच राहतील व तेच योग्य होईल. परंतु ज्या व्यवसायातून बाहेर पडण्याची मुभा नाही, त्या व्यवसायात आपखुशीने शिरण्यासही कोणी तयार होत नाही. हे केवळ तर्काने सांगावयाचे कारण नाही. आपल्या शिक्षणाचा साठ वर्षांचा इतिहास त्यास साक्षी आहे.

डॉ. कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ साली अहवाल सादर केला. महाराष्ट्राचे जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. शिक्षणाची श्रमाशी सांगड घालावी व माध्यमिक शिक्षणास व्यवसायाचे वळण द्यावे, असे आयोगाने बजावले. त्यातून ‘कार्यानुभव’ शाळांत आला, आणि त्या तासास मुलांनी कागदी फुले व खडू करावे यापलीकडे बहुतेक ठिकाणी तो गेला नाही. हे आम्ही स्वतः शिक्षक असताना पाहिले आहे व त्यात आमचाही वाटा आहे. पुढे १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने ठरविले की, उच्च माध्यमिक स्तरावरील १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत व २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळवावे. ते साधले नाही. १९९२ साली या मुदती अनुक्रमे १९९५ व २००० पर्यंत लांबविण्यात आल्या. तेही साधले नाही. २०२० च्या धोरणाने नमूद केले आहे की, १९ ते २४ या वयोगटातील भारतीय कामकऱ्यांपैकी ५ टक्क्यांहूनही कमी लोकांस रीतसर व्यवसाय शिक्षण मिळालेले होते; जर्मनीत हेच प्रमाण ७५ टक्के आहे. अपयशाचे एक कारणही त्या धोरणाने सांगितले आहे. व्यवसाय विषय घेऊन बारावी झालेल्यांस उच्च शिक्षणात पुढे जाण्याची निश्चित वाट नव्हती.

याच्या उलट उदाहरण आपल्याच राज्यात, आपल्याच घरांत आहे. अकरावी-बारावीच्या शास्त्र शाखेत ‘बायफोकल’ म्हणून ओळखले जाणारे २०० गुणांचे व्यवसाय विषय घेता येतात. इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र, विद्युत देखभाल, स्कूटर व मोटारसायकल दुरुस्ती, मत्स्यव्यवसाय, दुग्धव्यवसाय असे हे विषय. येथे भौतिक व रसायन कायम राहतात, गणित वा जीवशास्त्रही ठेवता येते. म्हणजे वरचे कोणतेच दार बंद होत नाही. मध्यमवर्गाने या विषयांवर कशा उड्या घातल्या, ते प्रत्येक नामांकित महाविद्यालयाच्या प्रवेशयादीवरून दिसत आले आहे. तेव्हा मध्यमवर्गास हातकामाचे वावडे आहे, असे म्हणणे पुरते खरे नाही. त्यास वावडे आहे ते बंद दाराचे. आणि ते कोणत्या बापास नसते? फरक इतकाच की, आपण आपल्या मुलांसाठी दार उघडे ठेवून घेतले आणि दुसऱ्यांच्या मुलांसाठी बंद दाराचा अभ्यासक्रम राष्ट्रीय गरज म्हणून वाखाणला.

परदेशांत काय चालते ते पाहणे या संदर्भात उपयोगाचे आहे. इंग्लंडमधील काही वैद्यकीय महाविद्यालये ‘बीटेक’ ही व्यावसायिक अर्हता विचारात घेतात. मात्र बहुधा तिच्या जोडीला रसायन वा जीवशास्त्राची शालेय परीक्षा मागतात. म्हणजे हातकाम शिकल्याबद्दल दार बंद करीत नाहीत, आणि शास्त्र न शिकता आतही घेत नाहीत. जर्मनीचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथे वैद्यकाच्या जागा शालान्त गुणांवर आणि प्रतीक्षेच्या कालावधीवर दिल्या जात; आणि प्रतीक्षा इतकी वाढली की, ती अभ्यासक्रमाहूनही लांब झाली. १९ डिसेंबर २०१७ रोजी तेथील घटना-न्यायालयाने ही पद्धती अंशतः घटनाबाह्य ठरविली. २०२० पासून नवी व्यवस्था आली. ३० टक्के जागा सर्वोत्तम शालान्त गुणांस, १० टक्के अन्य पात्रतेस, आणि ६० टक्के विद्यापीठांच्या निवडीस. या शेवटच्या दोन गटांत परिचर्या वा रुग्णवाहिका-सेवा यांसारख्या मान्य व्यवसायाचे पूर्ण केलेले शिक्षण गुणांकनात धरता येते. ज्याने रोग्याची सेवा केली आहे त्यास वैद्य होण्याची काही योग्यता आधीच आली आहे, ही साधी गोष्ट जर्मनांस न्यायालयात जाऊन उमगली. आपणांस ती न्यायालयाविना उमगावी.

यावर कोणी म्हणेल की, आम्ही आता नवे आरक्षण मागणार. आम्ही ते मागत नाही. व्यवसाय शाखेसाठी राखीव जागा ठेवण्याची वेळ आज आलेली नाही. कारण ज्यांस तयारीची संधीच मिळालेली नाही त्यांची राखीव यादी करून त्यांचे हित होणार नाही, अपमान मात्र होईल. आमच्या मागण्या साध्या आहेत व त्या राज्य सरकारच्या अधिकारातील आहेत.

पहिली अशी की, ज्या कनिष्ठ महाविद्यालयांत आरोग्य गटाचे व्यवसाय अभ्यासक्रम आहेत, तेथे बारावीनंतर भौतिक, रसायन व जीवशास्त्र यांचा एक वर्षाचा, सायंकाळचा, प्रयोगांसहित सेतूवर्ग सुरू करावा. यासाठी नव्या इमारती नकोत. शास्त्र शाखा जेथे आहे तेथे प्रयोगशाळा आहेत व त्या सायंकाळी कुलूपबंद असतात. शिक्षकांस जादा तासांचा मोबदला द्यावा लागेल, तो द्यावा. या विषयांची परीक्षा राज्य मंडळाने जादा विषय म्हणून घ्यावी व प्रमाणपत्रावर तसे स्पष्ट लिहावे, म्हणजे प्रवेशाच्या वेळी मुलास खिडकीखिडकीने फिरावे लागणार नाही. दुसरी मागणी अशी की, अकरावीच्या प्रवेशाच्या वेळीच प्रत्येक विद्यार्थ्यास व पालकास लेखी कळवावे की, या शाखेतून पुढे कोठे जाता येते, कोठे जाता येत नाही, व त्यासाठी आणखी काय करावे लागते. शिक्षकाच्या सदिच्छेवर ही माहिती सोपवू नये. सदिच्छेने काय होते ते आम्ही आरंभी सांगितलेच आहे. तिसरी अशी की, सेतूवर्गात बसणाऱ्या व दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांस अल्पशी शिष्यवृत्ती द्यावी. आणि चौथी अशी की, व्यवसाय शाखेतील किती जण ‘नीट’ला बसले व किती जण पात्र ठरले, हा आकडा दरवर्षी प्रसिद्ध करावा.

या वर्गातून दरसाल फार थोडे डॉक्टर होतील, हे आम्हांस ठाऊक आहे. कदाचित पहिली काही वर्षे एकही होणार नाही. परंतु हेच तीन विषय परिचर्येच्या पदवीस लागतात, औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीसही याच शास्त्रांचा पाया लागतो, आणि आरोग्यसेवेतील इतर पदव्यांचे दारही हेच विषय उघडतात. जो मुलगा ‘नीट’मध्ये मागे पडेल, तो रिकाम्या हाताने परतणार नाही. शिवाय एखादाच का होईना, प्रयोगशाळेच्या बाकावरून उठून रोग्याच्या खाटेपाशी पोहोचलेला डॉक्टर तपासणीच्या कागदावरील आकड्यामागे कोणाचे श्रम आहेत हे जाणणारा असेल. अशा डॉक्टरांची आपणांस वाण आहे, हे रोगी म्हणून रुग्णालयात राहून आलेला कोणीही सांगेल.

आता आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नास उत्तर देणे आले. आम्ही त्यास असे लिहिले आहे: कन्येस मनातूनच तो व्यवसाय अभ्यासक्रम आवडत असेल तर तिला तो अवश्य घेऊ द्यावा, कायदा आता तिच्या आड येत नाही. पण पुढील तीन विषय तिला बारावीनंतर वेगळे पुरे करावे लागतील, त्यास एक-दोन वर्षे जादा जातील, आणि आज तरी त्यासाठी तिला हाताशी धरणारी शाळा नाही. हे ठाऊक असून निर्णय घ्यावा. जर आधी डॉक्टरकीचाच ध्यास असेल, तर शास्त्र शाखा घेऊन सुट्टीत वडिलांच्या प्रयोगशाळेत काम शिकणे अधिक सोपे.

हे उत्तर खरे आहे. पण ते समाधानकारक नाही, याची आम्हांस जाणीव आहे. एका हुशार मुलीस तिच्या आवडीचे काम सोडून दे असे सुचवावे लागणे, हा आमच्या सल्ल्याचा दोष नसून आमच्या व्यवस्थेचा आहे. तिच्या बारावीला अजून दोन वर्षे आहेत. सेतूवर्ग सुरू करण्यास सरकारला दोन वर्षे पुरेशी आहेत. तोपर्यंत तो सुरू झाला, तर या पत्रातील दुसरा भाग आम्ही आनंदाने मागे घेऊ.